बॅगेत काय आहे?

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी मी टाळलंच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे एकोणसाठ की एकोणसत्तर यात अजूनही घोळ होतो. चुका पोटात घाला.

माझा रूम पार्टनर श्रीवर्धनकडचा. एकदा मेसमध्ये जेवताना तो सहज म्हणाला, "अरे, त्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स आमच्याच किनाऱ्यावर उतरलं होतं." १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, २५७ माणसं गेली, एवढंच मला माहीत होतं. मला वाटायचं, अतिरेकी वेगळे आणि स्मगलर वेगळे. एकाला सूड हवा, दुसऱ्याला पैसा.

मग आम्ही दोघांनी त्या खटल्याबद्दल बरंच वाचून काढलं. टायगर मेमन मूळचा चांदीचा स्मगलर. होड्या, माल उतरवणारी माणसं, ट्रक, 'सांभाळून घेणारे' अधिकारी, सगळं आधीपासून तयार. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला तो याच यंत्रणेतून. वाट जुनीच, माल तेवढा बदलला. दिघीच्या मालाचे ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. पण लाच ठरली, रोख कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि ट्रक सुटले! पुढे कोर्टात कस्टमवाले आणि पोलीसही दोषी ठरले.

पार्टनर म्हणाला, "त्यांना वाटलं असेल, नेहमीसारखी चांदीच असणार."

हे ऐकून मी गप्प बसलो. कारण रात्री दहानंतर गेटवर मीसुद्धा पन्नासची नोट सरकवतो. वॉचमनकाका बॅग बघत नाहीत. आत काय, तर बंदी असलेली कॉइल आणि अंडी. कुठे आरडीएक्स आणि कुठे आमचं ऑम्लेट! पण न बघण्याचे पैसे एकदा ठरले की आत काय आहे याचा हिशोब कोण ठेवतो? उद्या माझ्या जागी दुसराच कुणी पन्नास रुपये देईल.

गेल्या आठवड्यात उशीर झाला. मी नोट काढली नाही, बॅगच उघडून दाखवली. काका आधी चक्रावले, मग म्हणाले, "कॉइल ठेव इथे. अंडी घेऊन जा."

कॉइल अजून त्यांच्याकडेच आहे. पार्टनर माझ्यावर चिडलाय.