सुटका झालेल्या सापाचं पुढं काय?

विठ्ठलवाडी म्हटलं की कल्याणच्या पुढचं कर्जत मार्गावरचं स्टेशन आठवतं, नाहीतर वालधुनीचं काळं पाणी. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणारी ही नदी आमच्याकडे पोचते तेव्हा नाल्यासारखीच दिसते. काठावर चाळी, गाळे, कचऱ्याचे ढीग. कचरा आला की उंदीर आले, आणि उंदरांमागे धामण, नाग, घोणस. पहिल्या मोठ्या पावसात बिळात पाणी शिरतं आणि सर्पमित्रांचे फोन खणखणू लागतात.

मी प्राण्यांचा डॉक्टर. दवाखान्यात दिवसभर कुत्री-मांजरं असतात. रात्री, वनविभागाला कळवून, सर्पमित्र जखमी साप घेऊन येतात. नायलॉनच्या जाळीत अडकलेली धामण तर दर पावसाळ्यात येतेच. सुटायला धडपडत ती पुढे पुढे सरकते आणि धागा खवल्यांखाली रुतत जातो. भूल देऊन ते धागे एकेक करून कापायचे. सापाची कातडी कापली की तिची कड आत वळते. ती तशीच शिवली तर जखम जुळतच नाही, म्हणून प्रत्येक टाका कड बाहेर काढून घालावा लागतो. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात द्यायचं, कारण मागचं रक्त मूत्रपिंडांवाटे जाऊ शकतं. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक कुत्र्याला दिवसातून दोन-तीनदा लागतं, सापाला तीन दिवसांतून एकदा पुरतं. टाके मात्र सहा आठवडे तरी ठेवावे लागतात. एवढा धीर फार थोड्यांना असतो.

जखमा दिसतात, रोग दिसत नाहीत. म्हणून आलेल्या प्रत्येक सापाचं थोडं रक्त आणि विष्ठा तपासायची सवय मी लावून घेतली. सापाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या रक्ततपासणीचं मशीन इथे कामाचं नाही. काचपट्टी रंगवून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजाव्या लागतात. अशा वेळी कधीकधी पेशीच्या आत केळ्याच्या आकाराचा हेपॅटोझून नावाचा परजीवी दिसतो, आणि तोही बाहेरून धडधाकट वाटणाऱ्या सापात. विष्ठेत जंतांची अंडी सापडतात. जंगलातल्या सापाला परजीवी असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला खरी काळजी वाटते ती माणसामुळे सापाला लागणाऱ्या रोगांची.

कुणी ‘दोन दिवसांनी सोडू’ म्हणून साप डब्यात ठेवतो, मुलांना दाखवतो, फोटो काढतो. दोन दिवसांचे पंधरा होतात. असा साप माझ्यासमोर येतो तेव्हा मी आधी त्याच्या डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालचे खवले पाहतो. तिथे मिलिमीटरभरही नसलेले काळे ठिपके हलत असतात. त्या माइट्स. त्या रक्त पितात, एकाच पिशवीतून, एकाच डब्यातून दुसऱ्या सापावर जातात आणि जाताना रोगजंतूही नेऊ शकतात. मग तो साप मलंगगडाच्या पायथ्याला नेऊन सोडायचा, म्हणजे रोगालाही तिथवर पोचवायचं.

नागपंचमीच्या आसपास गारुड्यांकडून सोडवलेले नाग पाहवत नाहीत. दात उपटलेले, तोंडात पू, जबडा सुजलेला. तहानेनं व्याकूळ झालेला नाग पुढ्यातलं दूध पितो. ते त्याला पचत नाही आणि फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. ही श्रद्धा नव्हे, छळ आहे.

रोग पसरला की काय होतं ते पाहा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये 2006 साली रॅटलस्नेकची एक छोटी वसाहत बुरशीच्या त्वचारोगानं झपाट्यानं रोडावली. ऑफिडिओमायसिस नावाच्या त्या बुरशीवर तिथे आज कसून संशोधन चालू आहे, कारण कुणीतरी मेलेल्या सापांची तपासणी केली. आपल्याकडेही असं काम होऊ शकतं. डहाणूत डॉ. दिनेश विन्हेरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारीच्या जाळ्यात जायबंदी झालेल्या समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र उभं केलं. सापांच्या वाट्याला मात्र अजून ‘पकडला, सोडला’ एवढंच येतं. किती सोडले याच्या याद्या आमच्या पट्ट्यात घरोघर सापडतील. किती मेले आणि कशानं, ते कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून सर्पमित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक सापानंतर पिशवी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. साप जिथे सापडला त्याच्या जवळच, वनविभागाला सांगून, लवकरात लवकर सोडा. साप दगावला तर तो घाईनं पुरू नका, वनविभागाच्या परवानगीनं त्याचं शवविच्छेदन होऊ द्या. आणि घरात साप दिसला तर त्याच्यावर फिनेल, रॉकेल किंवा गरम पाणी टाकू नका. लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.