अठ्ठेचाळीस किलोचा हट्ट

पोट्ट्याचं खरं वजन एक्कावन्न किलो. मी त्याला 48च्या गटात उतरवलं. वरच्या गटात यवतमाळची दोन तयार पोरं होती, खाली रान मोकळं होतं. पोरगा पुढे गेला तर दहावीला क्रीडागुण मिळतील, हे मी त्याच्या घरी सांगितलं. बाभुळगावात कोणीतरी बॉक्सर घडवला असं लोकांनी म्हणावं, ही माझी हाव मात्र सांगितली नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात रेनकोट घालून त्याला धामणगाव रोडनं पळवलं. आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद. तोंडात लिंबाची फोड, थुंकून का होईना पण उरलेलं वजन उतरावं म्हणून. कापूस वेचून आलेल्या त्याच्या आईनं विचारलं, “सर, पोट्टं जेवत काहून नाही?” “खेळात असंच असते,” एवढं बोलून मी निघालो.

सकाळी काट्यावर तो गटात बसला. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन बहुधा आदल्या दिवशी होतं, अंग भरून यायला रात्र मिळते. हौशी मुष्टियुद्धात लढतीच्याच सकाळी वजन, आणि पुढची लढत असेल त्या दिवशी पुन्हा. हे मला ठाऊक होतं. 1997 साली अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले आणि तिथे रबरी सुटांवर बंदी आली, हे फार उशिरा वाचलं. आधी वाचलं असतं तरी थांबलो असतो का, छातीठोक सांगवत नाही.

पहिली फेरी त्याची झाली. विश्रांतीत माउथगार्ड काढायला गेलो तर तो ओठाला चिकटलेला. तोंडात लाळच नव्हती. जीभ पांढरीफटक. लढत तिथंच सोडायला हवी होती. मी म्हटलं, “डावा हात चालव.” दुसऱ्या फेरीत एक साधा सरळ ठोसा बसला, गुडघे मोडले, पंचांनी आठपर्यंत मोजून लढत थांबवली. परतीच्या एसटीत मी त्याला सुनावलं, “तुझ्यात दमच नाही.” रेनकोटपेक्षा ही चूक मोठी. ते वाक्य मी स्वतःला वाचवायला बोललो होतो. तो पुन्हा सरावाला आला नाही.

एप्रिल 2021मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणनं पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत 81 किलोवरील गटात मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझला 5-0 हरवून सुवर्ण जिंकलं. भारताच्या मुलींनी तिथून सात सुवर्णं आणली. अल्फियाच्या गटाला वरची मर्यादा नसते, हे खरं. पण आपल्या विदर्भातली मुलगी आहे त्या बांध्यानिशी जग जिंकते आहे हे बघताना मला ती पांढरी जीभ आठवली. त्यानंतर मी त्या पोराच्या घरी गेलो आणि त्याच्या आईपुढे सगळं बोललो. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही तशी अपेक्षा धरली नाही.

आता पोरं पोटभर जेवल्यावर मी वजन घेतो आणि तोच गट अर्जात भरतो. गेल्या हंगामात एक मुलगी पहिल्याच लढतीत हरली. समोरचीचा हात लांब होता, ठोसे तिच्यापर्यंत आधी पोचत होते. दुसऱ्या दिवशी ती सरावाला हजर होती, आणि लांब हाताच्या आत कसं शिरायचं ते विचारत होती.