फोनमधलं न वापरलेलं बटण

सावेडी, अहिल्यानगर

चि. छकुली,

तू पाठवलेले इअरफोन मिळाले. शेजारच्या मुलाने ते फोनला जोडून दिले. रात्री जुनी नाट्यगीतं लावून पडतो. आवाज इतका स्वच्छ येतो की पेटीचा भाता ओढल्याचंही ऐकू येतं. मामीची झोपमोड होत नाही, हा मोठाच फायदा.

घरी संध्याकाळी काय चालतं, असं तू विचारलं होतंस. मामी टीव्हीवर मालिका बघते, धाकटा रील्स बघतो, मी इअरफोन लावतो. तिघं एकाच खोलीत आणि तीन ठिकाणी. मी याला नावं ठेवत नाही. मालिका संपली की मामी मला गोष्ट सांगते, ती मला मालिकेपेक्षा जास्त आवडते. पण एक गोष्ट मनात घोळत राहिली आहे, ती तुला सविस्तर लिहायची होती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल तू वाचलं असशील. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, फोन बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात, माणसं एकमेकांशी बोलतात. मला त्या गावाचं मनापासून कौतुक वाटतं. तरीही माझा ओढा दुसरीकडे आहे. यंत्र बंद करणं चांगलंच, पण ते आपल्याकडे वळवता येतं, त्याला आपलं काही ऐकवता येतं, हे कुणी फारसं सांगत नाही. आपण फोनकडून सतत घेत असतो. त्यातलं रेकॉर्डिंगचं बटण मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

यंत्राला आपलं काही ऐकवणारी माणसं आपल्याच नगरात जन्मली, हे आश्चर्य तुला माहीत नसेल. 1918 च्या एप्रिल महिन्यात या शहरात दोन मुलं जन्मली, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने. 16 तारखेला इथल्या ब्रिटिश लष्करातल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी टेरेन्स मिलिगन जन्मला, आणि 25 तारखेला एका मराठी ख्रिस्ती घरात शाहू मोडक. मिलिगन पुढे स्पाइक मिलिगन या नावाने इंग्लंडमध्ये गाजला. 1951 ते 1960 या काळात बीबीसीवर त्याचा ‘द गून शो’ चालला. चित्र काहीच नाही, नुसते आवाज. बहुतेक लेखन त्याचंच. त्याला हवे असलेले विचित्र आवाज सहज मिळणारे नव्हते. 1958 मध्ये बीबीसीने खास ध्वनींसाठी कार्यशाळा काढली, तिच्या सुरुवातीच्या कामात या कार्यक्रमाचे आवाजही होते. एका माणसाच्या कानाला हवं होतं, म्हणून यंत्रांना नवं काम शिकावं लागलं!

आणि आपले शाहू मोडक. बोलपट नुकता आला होता. 1932 च्या ‘श्यामसुंदर’मध्ये चौदा वर्षांचा हा मुलगा कृष्ण झाला आणि पुढे अनेक चित्रपटांत लोकांनी त्यांना कृष्ण म्हणूनच पाहिलं. 1940 मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, ती 1290 साली. साडेसहाशे वर्षांनी याच जिल्ह्यातला एक ख्रिस्ती तरुण पडद्यावर माउली झाला आणि प्रेक्षकांनी ते मनोभावे स्वीकारलं. हे वाचलं की मला फार बरं वाटतं. यंत्राने माणसांना तोडलं, असं कुणी सरसकट म्हणू लागलं की मी हे उदाहरण देतो.

मी लहान असताना पाथर्डीजवळ मढीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघायचो, तुझी आईही असायची. प्रोजेक्टरची घरघर गाण्याइतकीच मोठी. रीळ तुटलं की सगळा तंबू ओरडायचा. घरी रेडिओ होता, त्याचा परवाना तेव्हा पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवा करावा लागे. ही यंत्रं आपल्याकडे येत होती, पण आपलं काही घेऊन जात नव्हती. रेकॉर्ड करायचं यंत्र गावात कुणाकडे असणार?

म्हणून मला नागराज मंजुळेंची गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘सैराट’ सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी ते इथल्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होते आणि ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी त्याच काळात केला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या एका पारधी मुलाची गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या स्टुडिओत जन्मली असती तर ती अशी झाली नसती. तसंच भाऊराव कऱ्हाडेंच्या ‘ख्वाडा’चं. स्वतःची शेतजमीन विकून त्यांनी मेंढपाळांचा हा चित्रपट उभा केला. 2014 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला, आणि जागेवर आवाज टिपण्यासाठी महावीर सब्बनवाल यांनाही पुरस्कार मिळाला. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा तांडा, चालताना मेंढ्या, कुत्री, माणसं यांचा जो गलका असतो, तो स्टुडिओत नंतर चिकटवलेला नाही. इअरफोन लावून तो चित्रपट पुन्हा बघ. तू पाठवलेल्या वस्तूचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आता मुद्द्यावर येतो. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, वहीत उतरवल्या, टेपवर घेतल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात नवऱ्याचं वागणं आहे, भावाची वाट आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. कुठल्याही मालिकेच्या लेखकाला जमणार नाहीत अशा कथा दोन ओळींत आहेत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, बायकांच्या तोंडची गाणी थांबली. कुणी वेळेवर टेपचं बटण दाबलं म्हणून ती राहिली.

तुझ्या आजीला किती ओव्या येतात, हे आपल्या घरात कुणालाच ठाऊक नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायका बैलगाडीत काय म्हणायच्या, तेही तिला येतं. ती आता थकली आहे. नावं विसरते, गाणी विसरत नाही. तुझ्या खिशातला फोन त्या काळच्या टेपरेकॉर्डरपेक्षा कितीतरी चांगला आवाज घेतो, आणि आमच्या रेडिओसारखा त्याला परवाना लागत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा हे काम करू. फोन विमान मोडवर ठेव, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येईल. पंखा बंद कर. फोन पत्र्याच्या पेटीवर नको, घडी केलेल्या गोधडीवर ठेव, आजीपासून हातभर अंतरावर. आधी तारीख, गाव आणि आजीचं माहेर बोलून घे. ‘आजी, गाणं म्हण’ असं सांगू नकोस, ती लाजेल. जात्यावर मूठभर बाजरी टाकून बस आणि दळायला लाग. तुझं चुकलं की ती आपोआप पुढे सरकेल. मध्ये ती खोकली, कोंबडं आरवलं, तर रेकॉर्डिंग थांबवू नकोस, तेही राहू दे. नंतर दोन प्रती कर, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. शब्द मी वहीत उतरवून काढीन. अडलेल्या शब्दांचा अर्थ तिलाच विचारू, ती आहे तोवर.

रजा चार दिवसांची तरी काढ. आजी पहाटे साडेचारला उठते आणि तेव्हाच तिचा आवाज लागतो, म्हणून पहिल्याच रात्री लवकर झोपावं लागेल.

तुझा
मामा