आधी झोप विचारा

वजन उतरवायला येणाऱ्या पेशंटसाठीच्या माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर चहात साखर किती, महिन्याला तेल किती, सगळं विचारलेलं असायचं. झोपेचा रकाना नव्हता. आता तो सगळ्यात वर आहे.

*

चाकणला नाइट शिफ्ट करणारे एक जण. डबा घरचा: भाकरी, मेथी, ताक. "रात्री अडीचला काय खाता?" "कँटीनचा वडापाव, मॅडम. त्याशिवाय डोळे उघडे राहत नाहीत." सकाळी आठला घरी. खोलीत ऊन, बाहेर पोरांचा दंगा. झोप जेमतेम साडेचार तास. 'जिभेवर ताबा ठेवा' असं त्यांना सुनावणाऱ्यांत मीही होते. अजून डाचतं.

*

शिकागो विद्यापीठ, 2004. बारा निरोगी तरुण. दोन रात्री चारच तास अंथरुणात, दुसऱ्या खेपेला दहा तास. कमी झोपेत पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन 18 टक्के कमी, भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्के जास्त. ओढ गोड, खारट, पिष्टमय पदार्थांकडे. वडापाव उगाच आठवत नाही.

*

तिथलाच 2010 चा प्रयोग मी पेशंटना कागदावर काढून दाखवते. दहा जण, मोजून कमी आहार. दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात, दोन आठवडे साडेपाच. वजन दोन्ही वेळा तीनेक किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यात चरबी होती 1.4 किलो, अपुऱ्या झोपेत 0.6. चरबी राहिली, अंगातला कस गेला. काट्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

*

घोरणाऱ्याला आपण 'गाढ झोपलाय' म्हणतो. एका पेशंटची बायको म्हणाली, "मध्येच आवाज थांबतो. मी उठून नाकाशी हात धरते."

मानेतली, जिभेतली चरबी घसा अरुंद करते. श्वास अडतो, ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, रात्रीतून कितीतरी वेळा. हाच स्लीप ॲप्निया. अशा माणसाला पहाटे पाचला फिरायला पाठवणं क्रूरपणा आहे. आधी झोपेची तपासणी. सीपॅप मशीन श्वासमार्ग उघडा ठेवतं, मात्र वजन उतरवत नाही. वजनाचा उपचार सोबत लागतोच. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी तिर्झेपेटाइडला मान्यता दिली. वजनाचं औषध झोपेच्या आजारासाठी!

*

चाकणवाल्यांनी खिडकीला जाड काळा पडदा लावलाय. दुपारपर्यंत आजी पोरांना खाली नेते. झोप आता सहा तास. वडापाव आठवड्यातून दोनदा. वजन पुढच्या महिन्यात बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.