स्टेपनी

“अंकासाठी काय लिहिते आहेस?” असे मैत्रिणीने विचारले तेव्हा मी “स्टेपनीवर” म्हणून सांगितले आणि सगळा बाक हसला. त्या शब्दाला लोकांनी जो एक कुजकट अर्थ चिकटवून ठेवला आहे, त्याचे ते हसणे होते. मला मात्र स्टेपनी म्हटले की आमच्या जीपच्या पाठीवरचे जादा चाक दिसते आणि कमरेची किल्ली चाचपावीशी वाटते.

आमचे गाव खांडबारा. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि नवापूर यांच्या दरम्यान आमचे स्टेशन लागते. गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. दिवाळी सरली की आमच्या भागातून ट्रक निघू लागतात. ऊसतोडीला बारडोली, व्यारा या बाजूला जाणारी कुटुंबेच्या कुटुंबे त्यांत असतात. गोधड्या, हंडे, कोंबड्या, झोपडीचे बांबू, एखादी शेळी आणि त्यावर बसलेली पोरे. परदेशांत म्हणे हौशी लोक चाकांवरचे घर मोटारीला जोडून हिंडतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. आमच्या रस्त्यावरून जाणारी चाकांवरची घरे हौसेची नव्हेत. लहानपणी ओट्यावर बसून मी त्या ट्रकांच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपन्या पाहत असे. कुठे नवे कोरे चाक साखळीने करकचून बांधलेले, तर कुठे नुसताच रिकामा हूक हलत असलेला. रिकामा हूक दिसला की आबा म्हणत, “देवाच्या भरवशावर चालला हा.”

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे आला तो वेल्समधून. लानेली नावाच्या गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचा कारखाना होता. १९०४ साली त्यांनी हे जादा चाक काढले. त्या काळच्या मोटारींना जादा चाक मुळी नसेच. त्यांचे चाक म्हणजे आरे नसलेली एक धाव आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाहेरून आवळून बसवायची. कारखाना गेला, ती पद्धतही गेली, पण रस्त्याचे नाव आमच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिले आहे. ब्राझीलमध्येही त्याला ‘एस्तेपे’ म्हणतात, हे वाचून मला उगाच बरे वाटले होते.

आमची जीप जुनी. आबांनी ती दुसऱ्याच्या हातून घेतली आणि पाड्यापाड्यांवरच्या माणसांना बाजाराला नेण्या-आणण्यावर आमचे घर चालले. मी नववीत असताना एका रात्री दारातून तिची स्टेपनी चोरीला गेली. सकाळी शेजारचे नाना “काय व्हयनं रे भो?” करीत आले, तेव्हा आबा मागच्या रिकाम्या बोल्टांकडे नुसते बघत उभे होते. टायर, ट्यूब, डिस्क मिळून जवळजवळ महिन्याची कमाई गेली होती.

नवे चाक आले तेव्हा आबांनी बंदोबस्तच केला. साखळी आणली, तिची एक कडी चासीला वेल्ड करून घेतली, साखळी डिस्कच्या भोकांतून ओवली आणि तिला मुठीएवढे कुलूप घातले. जुन्या ताडपत्रीची खोळ शिंप्याकडून शिवून घेतली. ऊन टायरचा शत्रू आहे. उन्हाने आणि हवेतल्या ओझोन वायूने रबर कडक होते, त्याला केसासारख्या चिरा पडतात. टायर काळा असतो तोही त्यात घातलेल्या काजळीमुळे. ती काजळी रबराला बळ देते आणि उन्हापासून थोडे वाचवतेही. वापरात नसलेला टायर म्हणून वेल्डिंगच्या दुकानात किंवा ठिणग्या उडणाऱ्या मोटारीजवळ ठेवू नये, कारण तेथे ओझोन तयार होतो. त्याला तेल, ग्रीस लागू देऊ नये. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. समजा २२१४ असेल, तर तो २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, हे मला त्या आकड्यांनी शिकवले.

ही सगळी विद्या मिळाली कारण स्टेपनीचे खाते माझ्याकडे होते. भाऊ सुरतेला कामाला. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी खोळ काढायची, कुलपात तेलाचा थेंब सोडायचा, चाक उतरवून पंक्चरवाल्याकडे हवा बघायला न्यायचे. स्टेपनीत चार पौंड हवा जास्तच ठेवावी, असे आबांचे म्हणणे, कारण पडून राहिले तरी चाकातून हवा हळूहळू जातेच. सुरुवातीला मला या कामाचा अभिमान होता. मग कंटाळा आला. बारावीच्या वर्षी तर पावसाळ्यापासून मी खोळीला हातच लावला नाही. आबा विचारीत, “झालं का गं?” मी पुस्तकातून मान वर न करता “हो” म्हणे.

होळी तोंडावर आली होती, माझी परीक्षा चालू होती. रात्री एका पाड्यावरून निरोप आला की बाळंतीण अडली आहे. दवाखान्याची गाडी दुसऱ्या फेरीला गेलेली. बाईमाणसाजवळ बाईमाणूस हवे म्हणून आई आणि मी जीपमध्ये बसलो. नंदुरबारच्या वाटेवर निम्मे अंतर गेले असेल नसेल, मागचे चाक बसले.

आबा पाना आणि जॅक घेऊन उतरले. मी बॅटरी धरली. खोळ काढताच कुबट वास आला. वरून ऊन अडले होते, पण पावसाचे पाणी खोळीत साठून आतच मुरले होते आणि कुलूप गंजून ढेकळासारखे झाले होते. आबांनी किल्ली घातली, फिरवली, पुन्हा जोर केला. किल्लीचे पाते कुलपातच तुटले. मागे ती बाई विव्हळत होती. आबांनी दगड घातला, टॉमीने पिळून पाहिले. चोरासाठी केलेली ती साखळी आम्हालाच दाद देईना. मोबाइलला रेंज नव्हती.

तेवढ्यात होळीसाठी परतणाऱ्या मजुरांचा एक ट्रक आला. काही सांगावे लागले नाही. वरच्या बायांनी गोधड्या सारल्या, बाईला उचलून घेतले, आईही चढली. क्लिनरने जाता जाता घणाच्या दोन घावांत कुलूप उडवले. ट्रक गेला. आबांनी चाक उतरवून अंगठ्याने दाबले. ते मऊ लागले. सात-आठ महिन्यांत त्यात हवा म्हणून उरली नव्हती.

पहाटेपर्यंत आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला, त्याच चाकावर बसून होतो. मोहाचा वास येत होता. आबा आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट पाहत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तुझा पुढचा पेपर कधी आहे?”

मी “परवा” म्हणाले आणि मला रडू कोसळले.

सकाळी दुधाच्या टेम्पोबरोबर आईचा निरोप आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तो ट्रक आणखी अर्ध्या तासाने आला असता तर काय, हे आईने मला पुढे कधी तरी सांगितले. ते येथे लिहिण्याचे मला धैर्य नाही.

आता साखळी तीच आहे, कुलूप पितळी आहे. खोळीच्या तळाशी मी दाभणाने तीन भोके पाडली आहेत, पाणी निघून जाते. किल्ल्या दोन. एक आबांच्या करदोड्याला, दुसरी माझ्याजवळ. कॉलेजसाठी मी नंदुरबारला राहते, तरी महिन्याची पहिली तारीख आली की संध्याकाळच्या गाडीने घरी जाते. मैत्रिणींना वाटते, मला घरची फार आठवण येते. आबा आता “झालं का गं?” असे विचारीत नाहीत. मी चाक उतरवू लागले की ओट्यावरून उठून येतात आणि दुसऱ्या बाजूने हात लावतात.