पैशाचं सोंग आणि आमच्या चुडाव्याचा गेम

पोस्ट मोठी आहे. शेतातून आलात की निवांत वाचा.

आपल्याकडं 'पोरगं गेम बनवायलाय' असं कुणी म्हणलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिली येते ती रमी. दोष लोकांचा नाही. जुलै २०२५ मध्ये सभागृहात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसतेय असा व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं बघितला. मी खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं, पण महिना संपायच्या आत त्यांचं खातं बदललं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. गावोगाव त्या ॲपनी किती घरं धुतली हे मी बातम्या देऊन थकलोय. पण त्या कायद्यातच ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम हे वेगळे धरलेत, त्यांना प्रोत्साहन द्यायचं असंही म्हणलंय. हा अर्धा भाग चुडाव्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून ही पोस्ट.

गेमचा एक प्रकार आहे, त्याला रोल-प्लेइंग म्हणतात. आपल्या भाषेत, सोंग घेणं. माझ्या लहानपणी गावात बहुरूपी यायचा. खाकी घालून, शिट्टी मारत, 'चला ठाण्यात' म्हणून म्हाताऱ्यांना दम द्यायचा आणि मग पायलीभर ज्वारी घेऊन जायचा. सोंग तो घ्यायचा, आपण बघायचो. या गेममध्ये उलटं असतं. सोंग बघणाऱ्यानं घ्यायचं. तुम्ही म्हणजे एक माणूस, त्याचं गाव, त्याची माणसं, त्याच्यावरचा प्रसंग. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि ठरवलं ते शेवटपर्यंत निस्तरायचं.

हा प्रकार काही मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत जन्माला आलेला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस विम्याची नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून घर चालवत होता. त्यानं डेव्ह आर्नेसन या मित्राबरोबर कागद-पेन्सिल-फाशांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये काढला. पहिल्या खेपेला फक्त १ हजार डबे. आज जगात जेवढे रोल-प्लेइंग गेम आहेत त्यांचं खापरपणजोबाचं घर ते.

आणि आताही तेच चाललंय. अमेरिकेतल्या एरिक बॅरोननं 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम साडेचार वर्षं एकट्यानं बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची. खर्चाला थिएटरात अर्धवेळ नोकरी. २०१६ मध्ये गेम आला, आजवर ४ कोटींच्या वर प्रती खपल्या. (मी तो खेळून बघितला. त्या शेतात मालाचा भाव कधी पडत नाही. असं शेत मिळालं तर मीपण पत्रकारिता सोडीन.) टोबी फॉक्सनं २०१५ मध्ये 'अंडरटेल' काढला. लोकांकडून ५१ हजार डॉलर वर्गणी जमवलेली, काम जवळपास एकट्याचं. त्यात समोर आलेल्या राक्षसाला मारलंच पाहिजे असं नाही. त्याच्याशी बोलून, त्याला सोडूनही देता येतं. एवढी साधी गोष्ट.

आता खरं सांगायचं ते. एस्टोनिया नावाचा एक देश आहे. अख्ख्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. आपला परभणी जिल्हा २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजारांचा. म्हणजे जिल्ह्याहून लहान देश. तिथल्या काही लेखक-चित्रकार मित्रांनी २०१९ मध्ये 'डिस्को एलिसियम' बनवला. त्यात एक दारूनं वाया गेलेला पोलीस एका खुनाचा तपास करतो. मारामारीची वेगळी भानगडच नाही, नुसतं बोलणं, दहा लाखांवर शब्द. त्याचा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ. त्याची आधीची कादंबरी हजारभर खपून बसलेली. या गेमनं त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये चार बक्षिसं नेली. पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे. कंपनीची मालकी दुसऱ्यांकडं गेली आणि ज्यांनी तो उभा केला तीच माणसं २०२२ पर्यंत बाहेर. आपल्याकडं बांधावरून भांडणं होतात, तिकडं गोष्टीच्या मालकीवरून झाली.

आणि परवाचंच. फ्रान्समधलं माँपेलिये हे शहर तीन लाखांच्या आसपासचं, म्हणजे आपल्या परभणी शहराएवढं. तिथल्या तीसेक माणसांच्या चमूनं, बाहेरच्यांची थोडी मदत घेऊन, 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपीडिशन ३३' एप्रिल २०२५ मध्ये आणला. ३३ दिवसांत ३३ लाख प्रती. वर्षाअखेरीला वर्षातल्या सर्वोत्तम गेमसकट नऊ बक्षिसं. पण हेही लक्षात घ्या, की फ्रान्समध्ये चित्रपटांना पैसा देणारी सरकारी संस्था व्हिडिओ गेमलाही निधी देते. हुशारी वाऱ्यावर सोडलेली नाही.

महाराष्ट्रात काय, असं विचाराल. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची छोटी मंडळी आहेत. त्यांनी 'राजी' हा गेम केला. राजी ही मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या तिच्या भावाला शोधायला निघते. पाठीशी दुर्गा आणि विष्णू, चित्रं पहाडी शैलीची, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. काटेकोर बोलायचं तर तो मारधाडीचा, साहसाचा गेम, रोल-प्लेइंग नव्हे. त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. तरी रेटलं, ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या जागतिक नामांकनात पाचात बसला. दुसरं उदाहरण तमिळ लोकांचं. कॅनडात गेलेल्या तमिळ घरातल्या आईच्या स्वयंपाकावर 'वेंबा' नावाचा गेम २०२३ मध्ये आला. इडलीचं पीठ, घरच्या पाककृती, आईची भाषा विसरत चाललेलं पोरगं, एवढंच त्यात आहे. त्याला पुढच्या वर्षी बाफ्ता मिळालं. आईच्या इडलीला जग टाळ्या वाजवत असेल, तर आपल्या भाकरीत काय कमी आहे?

आता आपल्या पोराकडं येतो. नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हणलंय. नांदेडला डिप्लोमा झालेला, घरी चार एकर, जुना घेतलेला लॅपटॉप. वर्षभरापासून तो एक गेम बनवतोय. त्यात तुम्ही कोरडवाहू शेतकरी. मृगापासून दिवाळीपर्यंतचा हंगाम. सोयाबीन पेरायचं का कापूस, बी घरचं का दुकानचं, पाऊस ओढ देतोय तर थांबायचं का धूळपेर करायची, पोरीच्या फीला पैसे कुठून आणायचे. त्यात जिंकणं असं काही नाही. हंगाम पार पाडायचा.

मागच्या महिन्यात त्यानं तो आमच्या शेजारच्या आबांच्या हातात दिला. आबा पासष्टीचे, मोबाईलवर फक्त भजनं ऐकतात. अंगठ्यानं दाबत दाबत ते श्रावणापर्यंत पोचले. तिथं खत संपलं, पैसे संपले, आणि पडद्यावर दोनच वाटा. बैल विका नाहीतर व्याजानं काढा. आबा थांबले. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण चहा गार झाला.

"हे बैल इक म्हणायलंय व्हय रे?"

"व्हय आबा. इकलं तर कर्ज होत नाई."

"आन् रब्बीला कशानं पेरू? तुह्या लॅपटॉपनं?"

व्याजानं काढलं त्यांनी. गेमच्या हिशोबात ते चुकीचं होतं. पण पोरानं त्या रात्री हिशोब बदलला, कारण आबांचं बरोबर होतं, रब्बीचा विचार त्यानं केलाच नव्हता. मग आबांनी आणखी झापलं. "पेरायच्या आधी बी तपासायचं कुठाय?" ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि किती उगवले ते बघायचं. सत्तरच्या वर उगवले तर बी चांगलं, कमी असेल तर बियाणं वाढवायचं. कृषी विभाग दरवर्षी हेच सांगतो. आठ दिवसांत गेममध्ये गोणपाट आलं. खेळणारा दाणे मोजतो.

लहान माणसाकडून मला आशा आहे ती यासाठी. पाचशे लोकांच्या कंपनीत आबांचं म्हणणं पोचायला किती बैठका लागल्या असत्या कुणास ठाऊक. इथं ओसरीवर बोललं आणि गेम बदलला. वीस वर्षं मी या तालुक्यातल्या नापिकीच्या, कर्जाच्या, नको त्या बातम्या देतोय. एका कॉलमात बसतात, वाचणारा पान उलटतो. पुण्या-मुंबईचा माणूस त्या बैलाच्या बटणावर अंगठा धरून दोन मिनिटं अडकला, तर माझ्या वीस वर्षांपेक्षा ते जास्त होईल असं मला वाटतं.

अडचणींचं पुराण मोठं आहे, एकच सांगतो, कारण ती आपल्या भाषेची आहे. पोरानं आधी ज्या इंजिनावर काम चालू केलं त्यात मराठी फुटायची. 'पीकविमा' लिहिलं की वेलांटी व च्या मागं पडायची, 'पूर्णा' मधला रफार सुटून खाली यायचा. म्हणजे आपल्या तालुक्याचं नावच पडद्यावर धड येईना. शेवटी तो गोडो या फुकट, खुल्या इंजिनावर आला. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं हे काम, जगभरातले लोक आता पुढं नेतात. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत जोडाक्षरं नीट बसतात. पूर्णा पूर्णा दिसायला लागली तेव्हा त्यानं मला रात्री साडेबाराला फोटो पाठवला.

राहिला पैसा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. स्टीम या दुकानात गेम मांडायला शंभर डॉलर भरावे लागतात, विक्रीतले साधारण तीस टक्के दुकान कापतं. ते चालेल. पण २०२४ या एका वर्षात तिथं १८ हजारांवर नवे गेम आले. त्यातला स्टारड्यू एखादा, बाकी बहुतेक कुणाला दिसतही नाहीत. पोराच्या बापाला मी हे स्पष्ट सांगितलंय. स्वप्नं विकणाऱ्या क्लासवाल्यांसारखं बोलायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, गेमिंग वगैरेचं धोरण मंजूर केलं. ३ हजार २६८ कोटी रुपये, २०५० पर्यंत. आकडा ऐकून छाती फुगते. पंचवीस वर्षांनी भागा, वर्षाला १३० कोटी पडतात, सगळ्या राज्यात मिळून. त्यातून इमारती उभ्या राहतील, उद्घाटनं होतील, आम्ही फोटो छापू. माझं मागणं एवढंच, की त्यातला थोडा तुकडा एकट्या-दुकट्या पोरांसाठी वेगळा काढा. दोन-तीन लाखांची मदत, वर्षभराची, हप्त्यानं, काम दाखवलं की पुढचा हप्ता. आणि परभणीत किंवा नांदेडात एक खोली, जिथं लाईट जात नाही आणि गेम तपासायला आठ-दहा प्रकारचे मोबाईल ठेवलेत. आमदार-खासदारांपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल, किंवा त्यांचा फोन सांभाळणारी पोरं वाचत असतील, तर एवढं पोचवा.

कारण वेळ कमी आहे. पोराला पुण्यात एका कंपनीत गेम तपासायची नोकरी मिळालीय. अठरा हजार पगार, एक तारखेला हजर व्हायचं. बाप म्हणतो जा. मला बापाला नाही म्हणवत नाही. २०२५च्या पाण्यात त्याचंही सोयाबीन गेलंय. पोरगं म्हणतं, काका, दिवाळीपर्यंतचा गेम पोळ्यापर्यंत आलाय, तीन महिने पाहिजेत.

तोवर आपल्या हातातलं काम. येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा, चुडावा स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात तो बसणार आहे. गेम त्याच्या फोनवर आहे, पैसे लागत नाहीत. ज्यांनी दुबार पेरणी केलीय, ज्यांनी खळ्यावरून माल दिलाय, त्यांनी यावं आणि चुका काढाव्यात. बायांनी आवर्जून यावं. खुरपणीची मजुरी, बचतगटाचा हप्ता, घरातला पैसा कुठं लपवतात हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही, आणि आबांना ते माहीत नाही. आबा येणार आहेत. चहाचं बिल माझ्याकडं.