जाम दरवाज्यातून निमाडात

इंदूरच्या मराठी कुटुंबांना महेश्वर परके नाही. लग्नकार्याच्या साड्यांसाठी, नर्मदास्नानासाठी, पाहुण्यांना घाट दाखविण्यासाठी आपण तेथे जातोच. परंतु मोटारीत बसून गेलेल्यास वाटेतला विंध्य कळत नाही. तो कळावा म्हणून मार्गशीर्षातील एका पहाटे आम्ही तिघे शिक्षक सायकलींवर निघालो. महू-मंडलेश्वरमार्गे सुमारे ९० किलोमीटरची मजल होती.

महूला पोहे खाऊन आम्ही दक्षिणेची वाट धरली. पठार म्हणावयाचे ते नावालाच. चढ संपतो न संपतो तोच दुसरा पुढे उभा. पश्चिमेस जानापावचा डोंगर राहतो. तेथे उगम पावणारी चंबळ उत्तरेस वाहत यमुनेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. कड्याच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र नर्मदेवाटे खंबातच्या आखातात पोहोचतो. अवघ्या काही कोसांत पाण्याचे दैव असे पालटते.

पठार संपते त्या कड्यावरच अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला जाम दरवाजा उभा आहे. कमानीत उभे राहिले की पाठीशी माळवा आणि समोर खोल खाली धूसर निमाड.

खरी परीक्षा उतारावर झाली. दुसऱ्याच वळणावर आमच्यातील वडीलधाऱ्या सोबत्यांच्या मागच्या ब्रेकचे रबर निखळले. समोरून मालमोटार वर येत होती. त्यांनी सायकल डोंगराच्या अंगास घातली, म्हणून निभावले. एखाद्या जीपने त्यांनी पुढे जावे, असे आम्ही सुचविले. ते म्हणाले, "सायकल हाती धरून चालायला ब्रेक कशाला लागतो?" मग आम्ही सारेच पायी निघालो.

ते चालणे फार काही शिकवून गेले. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे अहिल्याबाईंनी महेश्वरी राहून राज्यकारभार केला. त्या काळी माळव्याशी येणेजाणे ठेवावयाचे तर माणसांनी नि बैलांनी असलेच चढ छातीवर घ्यावयाचे. काशी, सोमनाथ येथील त्यांची मंदिरे आपली मुले घडाघडा सांगतात. घराजवळचा हा दरवाजा किती जणांनी पाहिला असेल?

पायथ्याच्या गावी एका दुकानदाराने नवे रबर बसवून दिले. पुढे हवा उबदार झाली. कापसाची वेचणी चालली होती, अंगणांत मिरच्या वाळत होत्या. मंडलेश्वर मागे टाकून दिवेलागणीस आम्ही महेश्वरच्या घाटावर टेकलो. सोबत्यांनी सुजलेले गुडघे नर्मदेत सोडले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षी वरच्या वर्गातली मुले आणू. जाम दरवाज्यापासून खाली मात्र पायी उतरवू." तेथेच, ओल्या पायरीवर बसून, आम्ही तिथी ठरविली.